लाकडी शिंपल्यातला सिदी

दारं उघडायला अजून अवकाश होता, तरी बीर-झितूनाच्या सांस्कृतिक केंद्रासमोर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ज्या नाट्यगृहात एरवी नटांचे नातेवाईक आणि उन्हाला कंटाळून आत शिरलेले दोन-चार म्हातारे एवढाच प्रेक्षक असायचा, तिथे त्या रविवारी दुपारी आसपासच्या खेड्यांतून गाड्या भरभरून माणसं आली होती. कोणी आजारी आईला पाठुंगळी घेतलं होतं, कोणी पाण्याच्या बाटल्या छातीशी धरल्या होत्या, कोणी नुसताच घरातल्या कुणाचा तरी फोटो घेऊन उभं होतं. सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया विकणारा "सिदींच्या बिया! सिदींच्या बिया!" म्हणून ओरडत होता. मागच्या आठवड्यापर्यंत त्याच बिया तो फुटबॉलच्या मैदानाबाहेर विकायचा, तेव्हा त्या कोणाच्याच नव्हत्या.

"नाटक वेळेवर सुरू होईल ना?" एका परगावच्या बाईने विचारलं.

"नाटक कसलं बाई!" पुढची फणकारली. "दर्शन म्हण, दर्शन!"

सिहेम रांगेत उभी होती. एका हाताला पाच वर्षांची तसनीम, दुसऱ्या हाताखाली घट्ट दाबलेली पर्स. पर्समध्ये एक मऊ पिशवी होती आणि पिशवीत तसनीमच्या कानांच्या दोन मशिनी. गेले कित्येक दिवस त्या तिथेच होत्या. पुढे तिच्या सासूबाई, लेल्ला वस्सीला, कोपराने गर्दी बाजूला सारत चालल्या होत्या. आज सिदींनी त्यांच्या नातीला रंगमंचावर बोलावलं होतं, तेव्हा मान त्यांचाच पहिला.

"उम्मी," सिहेम सासूबाईंना हळूच म्हणाली, "सूसहून डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला होता."

"सांग, गावाला गेलोय."

"तसनीमने 'सायकल' म्हणायचं सोडलंय. परत 'आयल' म्हणायला लागलीय."

"सायकल हवीय कोणाला? आज सिदींकडे सरळ मोटारच मागू!" सासूबाईंच्या या बोलण्यावर आजूबाजूच्या बायका हसल्या. सिहेमही हसली. हसल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

हे सगळं सुरू कसं झालं, ते सांगायला हवं.

बीर-झितूनाची हौशी नाटकमंडळी दर वर्षी एकच नाटक करत आली होती. गावाचे जुने संत सिदी बू-रीश, टेकडीवर ज्यांची कबर आहे, त्यांचं. वादळात वाट चुकलेल्या तांड्यासाठी सिदींनी टेकडीवर दिवा लावला, तो विझेना, अशी ती गोष्ट. दिग्दर्शक सी नौफल नगरपालिकेत कारकून. सिदींचं काम करायचा जल्लूल. धंदा फ्रीज दुरुस्तीचा. दाढी भरघोस, आवाज घुमणारा, आणि पाठांतराच्या नावाने शंख. एका वर्षी तर ऐन प्रवेशात तो सिदींचं नावच विसरला होता.

त्याला सांभाळायच्या मुंजियाबाई, गावच्या बोलीत लेल्ला मुंजिया. निवृत्त शिक्षिका, सिहेमला अक्षरं त्यांनीच शिकवलेली. रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, जमिनीतल्या खड्ड्यावर शिंपल्यासारखी एक लाकडी टोपी होती. तिची पाठ प्रेक्षकांकडे आणि तोंड नटांकडे. गावात तिला शिंपलाच म्हणत. त्या शिंपल्यात बसून लेल्ला मुंजिया प्रॉम्प्टिंग करायच्या. ओठ मोठे हलवायचे, आवाज बारीक ठेवायचा. बारीक म्हटला तरी पहिल्या काही रांगांना तो सहज ऐकू जायचा. पण बीर-झितूनाची रीत अशी, की प्रॉम्प्टरचं ऐकू आलं तरी ऐकायचं नाही. नट आपलेच, नातेवाईकच. त्यांची लाज राखायची. एखाद्या पोराने मोठ्याने "कोण बोलतंय?" विचारलं, तर आई त्याच्या दंडाला चिमटा काढायची. सिहेमने लहानपणी तो चिमटा खाल्ला होता.

यंदा पहिल्याच प्रयोगाला जल्लूल मधेच थांबला. डोळे वर फिरवले आणि नाटकात कुठेच नसलेलं बोलला, "या सभागृहात एक आई बसलीय. तिचा मुलगा समुद्रापलीकडे गेलाय. जुम्म्याच्या आत त्याचा आवाज तिच्या कानी पडेल."

आणि खरंच एका आईला फोन आला! जिथे गल्लीगल्लीतली पोरं समुद्रापलीकडे गेलेली, तिथे आठवड्याभरात एकाही घरी फोन आला नसता तर तो खरा चमत्कार झाला असता. पण हा हिशेब कोणी मांडला नाही. पुढच्या प्रयोगाला जल्लूलने कोणाच्या गुडघ्याचं सांगितलं, कोणाच्या मोडलेल्या सोयरिकीचं. सगळं अचूक. लोकांनी तोंडात बोटं घातली. कोणी शंका काढलीच तर उत्तर तयार होतं: "अरे, ज्याला लिहून दिलेल्या चार ओळी आठवत नाहीत, तो हे पदरचं बोलेल होय?" जल्लूलचा मठ्ठपणा हाच त्याच्या सिद्धीचा पुरावा ठरला.

जल्लूललाही ते मानवलं. "मी कोण?" फ्रीज उघडता उघडता तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी साधा गॅस भरणारा. बोलणारे ते, मी नुसती नळी." आणि नळीच्या अंगावरच्या हिरव्या झग्याच्या चिंध्या लोक ताईत म्हणून मागून न्यायचे.

सिहेम विज्ञानाची पदवीधर होती. आवाज हवेतून कसा जातो, कानाच्या पडद्यावर कसा आदळतो, हे तिने परीक्षेत आकृत्या काढून लिहिलं होतं. तसनीमला ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांत आधी तिलाच कळलं, कारण ती रात्रंदिवस त्या पोरीकडे बघत असायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "झोप आणि आंघोळ सोडली तर मशिनी काढायच्या नाहीत. या वयात जे कानावर पडेल तेच जिभेवर येईल. आज गेलेलं पुढे भरून निघत नाही." मशिनी लावल्या, आणि तसनीमच्या तोंडी एकेक शब्द यायला लागला. आई. पाणी. दिवा. सायकल.

मग एका प्रयोगाला जल्लूल थेट म्हणाला, "लाल दार. अंगणात लिंबाचं झाड. तिथली एक आई पोरीच्या कानांवर केस ओढते, मशिनी दिसू नयेत म्हणून. लाजते! त्या मशिनींनी कान बुजवलेत, मी शिरू कुठून? काढ त्या!"

दार सिहेमचं होतं, झाड सिहेमचं होतं. आणि केस ओढायची गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही. घरी जाऊन तिने मशिनी काढल्या. तेव्हा तिला जे वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. तिला हलकं वाटलं होतं.

दारं उघडली. लोंढा आत शिरला. नाटकाचे पहिले दोन प्रवेश लोकांनी कसेबसे सोसले. तांडा वाट चुकला, वादळ झालं, कोणाचं लक्ष नव्हतं. मग जल्लूल हिरव्या झग्यात पुढे आला आणि सभागृह आपसूक उभं राहिलं.

"लाल दाराची मुलगी!" तो गरजला.

सिहेम तसनीमला घेऊन वर चढली. सी नौफलने पोरीला रंगमंचाच्या पुढच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं केलं आणि सिहेमला विंगेजवळ थांबायची खूण केली. जल्लूल तसनीमच्या मागे उभा राहिला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. सभागृहात बी फोडल्याचाही आवाज नव्हता.

"पाणी," तसनीम म्हणाली.

"पाणी!" जल्लूल मागोमाग ओरडला. "पाणी आणा!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाण्याचा कटोरा आला.

"दिवा," तसनीम म्हणाली.

"दिवा पेटू दे!" जल्लूल म्हणाला, आणि टेकडीवरचा दिवा आपोआप पेटला.

मग जे झालं ते विचारू नका. बायकांनी लग्नात घालतात तशा जिभेच्या लांब किलकाऱ्या घातल्या. "बहिरी पोर सिदींच्या आधी बोलली!" "सिदी तिच्या तोंडात आले!" कोणी खुर्चीवर चढलं, कोणी जमिनीवर बसून रडायला लागलं. लेल्ला वस्सीला दोन्ही हात वर करून सगळ्यांना सांगत होत्या, "माझी नात! माझ्या मुलाची मुलगी!" स्वतः जल्लूलसुद्धा घटकाभर गोंधळला, पण लगेच छाती फुगवून म्हणाला, "बघा! माझ्या हातातून तिच्या डोक्यात उतरतंय!"

सिहेमने सभागृहावरून नजर फिरवली. इतकी माणसं तिच्या मुलीकडे बघत होती आणि त्यांत एकही नजर कीव करणारी नव्हती. हेवा होता. आजवर असं कधी झालं नव्हतं.

पण बघत राहायची तिची सवय जाईना. तसनीमची हनुवटी खाली होती. भुवया किंचित आवळलेल्या, डोळे एका जागी रुतलेले. ही नजर सिहेमला पाठ होती. भांडी घासताना सिहेम काही बोलली की पोर अशीच तिच्या ओठांकडे बघायची. जल्लूल तर मागे उभा होता. त्याचं तोंड तिला दिसणंच शक्य नव्हतं. मग ती कोणाच्या ओठांकडे बघत होती?

सिहेमने तिच्या नजरेचा माग काढला. नजर शिंपल्यात जात होती.

क्षणात सगळं कळलं. पुढच्याच क्षणी तिच्या मनात आलं, गप्प राहावं. काय बिघडलं? पोरीचा जयजयकार चाललाय. घरी जाऊ, गुपचूप मशिनी लावू, कोणाला कळणार आहे? ती तशी गप्प राहिलीही असती. पण तसनीम म्हणाली, "विहीर."

"त्या मशिनी," जल्लूल गरजला, "आज संध्याकाळी सिदींच्या विहिरीत!"

"टाकू! आत्ताच टाकू!" लेल्ला वस्सीला पायऱ्या चढून वर आल्या आणि सुनेच्या पर्सला त्यांनी हात घातला. "दे इकडे!"

सिहेमने पर्स हिसडून घेतली. ती चालत रंगमंचाच्या पुढच्या कडेला गेली आणि शिंपल्याच्या तोंडासमोर, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचा लांब घोळदार झगा शिंपल्यावर पडद्यासारखा पसरला.

जल्लूलने हात उंचावला. "आणि मग... मग सिदी..."

थांबला. खाकरला. तसनीमही गप्प झाली.

"मग सिदी काय?" पुढच्या रांगेतून कोणी विचारलं.

"सिदी विचार करतायत," जल्लूल म्हणाला आणि दात आवळून पुटपुटला, "बाजूला हो ना बाई!"

"का?" सिहेमने मोठ्याने विचारलं. "लाल दाराच्या आत काय चाललंय ते सिदींना दिसतं, आणि माझ्या झग्याच्या पलीकडचं दिसत नाही?"

ती बाजूला सरकली. लगेच तसनीमचे ओठ हलले, लगेच जल्लूलला कंठ फुटला, "मग सिदी तिच्या कानांत दिवा लावतील!" सिहेम पुन्हा आड आली. जल्लूल पुन्हा बंद. तोंड मात्र अर्धवट उघडं.

मागून एक आवाज आला, "ए जल्लूल, गॅस संपला का रे?"

कोणीतरी खुदकन हसलं. सी नौफल विंगेतून किंचाळला, "पडदा! पडदा पाडा!"

पडदा धाडकन पडला. पण घाईत त्याच्या लक्षात आलं नाही की शिंपला पडद्याच्या पुढे असतो. जल्लूल आणि सासूबाई पडद्यामागे गेले. लोकांसमोर उरल्या सिहेम, तसनीम आणि ती लाकडी टोपी. तसनीमने खाली बसून टोपीवर थापट्या मारल्या आणि आईकडे बघून आत बोट दाखवलं. सिहेमने टोपी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली.

खड्ड्यात उशीवर लेल्ला मुंजिया बसल्या होत्या. मांडीवर नाटकाची वही, मिटलेली. शेजारी कॉफीचा थर्मास. उजेड डोळ्यांवर आल्याने त्यांनी चष्म्याआड डोळे मिचकावले. सगळ्या गावाची शिक्षिका, खड्ड्यातून छातीपर्यंत वर आलेली.

"लेल्ला," सिहेम म्हणाली, "केसांचं मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो." लेल्ला मुंजियांनी मान खाली घातली. "आपण सगळ्या बसून नाटकाच्या झग्याची शिवण घालत होतो तेव्हा. तू रडलीस. मी तुला रुमाल दिला."

"आणि गुडघ्याचं? सोयरिकीचं?"

"बायका शिवायला बसल्या की बोलतात."

"आणि हो, दिवा?" मघाची परगावची बाई ओरडली.

"विंगेत बटण आहे. दर वर्षीच असतं."

खाली कुजबुज वाढली. सिहेमने विचारलं, "पण का, लेल्ला? तुम्ही?"

लेल्ला मुंजियांनी मांडीवरची वही बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तो अडला, आणि माझी पानं खाली पडली होती. अंधारात सापडेनात. तोंडाला आलं ते सांगितलं. लोक रडले, सिहेम. इतकी वर्षं या शिंपल्यातून बोलतेय, माझ्या शब्दाला कोणी रडलं नव्हतं. नौफल म्हणाला, सभागृह भरतंय, चालू द्या. मी चालू दिलं. तुझ्या पोरीचं सांगायला नको होतं. पण तू मशिनी खरंच काढशील असं मला वाटलं नव्हतं. तू शिकलेली."

शेवटचा शब्द सिहेमला चपराकीसारखा लागला.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. तेलाच्या घाण्याचे मालक. चेहरा लाल झाला होता. "खरं सांगू? मला आवाज येत होता. दर प्रयोगाला. पण प्रॉम्प्टरचं कोण ऐकतं?"

"मलाही येत होता," त्यांच्या शेजारची बाई म्हणाली.

"मला वाटलं, मला एकट्यालाच येतोय!"

"म्हणजे ऐकू येणारे सगळे बहिरे," मागचा तो खट्याळ आवाज म्हणाला, पण या वेळी कोणी हसलं नाही. लोक आपापल्या बाटल्यांकडे, फोटोंकडे बघत होते. एका माणसाने हिरवी चिंधी हळूच खिशात कोंबली.

सिहेमला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण पोर मधोमध उभी होती आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. ती बोलायला लागली; भाषण म्हणून नाही, जसं सुचलं तसं.

"मला कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. मशिनी दिसायला नकोत, हे माझ्या मनात होतंच. त्यांनी तेच मला सिदींच्या नावाने परत दिलं, म्हणून मला पटलं. डॉक्टरीणबाई जे सांगत होत्या ते अवघड होतं. हे सोपं होतं. तुमचंही तसंच झालं असेल. सिदी टेकडीवर झोपलेत, त्यांना झोपू द्या. मुलाचा फोन येत नसेल तर आपण करा, त्याच्या मित्रांना करा. आईचा गुडघा दुखत असेल तर तिला दवाखान्यात न्या, इथे उभी करू नका. आणि कोणी कितीही मोठ्या आवाजात काही सांगितलं, तर लहान पोरं विचारतात तसं विचारा, कोण बोलतंय? कुठून बोलतंय? त्याला हे कोणी सांगितलं? आणि पोराने विचारलं तर चिमटा काढू नका. एवढंच."

ती गुडघ्यांवर बसली. पर्समधून पिशवी काढली. एक मशीन मुठीत धरून चालू केली, तशी ती शीळ घातल्यासारखी बारीक वाजली. शांत सभागृहात ती शीळ शेवटच्या रांगेपर्यंत गेली. सिहेमने एक मशीन लावली, मग दुसरी. मग तिचे हात सवयीने पोरीचे केस कानांवर ओढायला गेले, आणि थांबले. तिने स्वतःच्या वेणीचं रबर काढलं, तसनीमचे सगळे केस वर घेतले आणि डोक्यावर घट्ट बांधले. दोन्ही कान, दोन्ही मशिनी, सगळ्या गावासमोर उघड्या पडल्या. सिहेमचा चेहरा तापला होता. ती लाज पोरीच्या कानांची नव्हती.

तेवढ्यात पडद्यामागून एक दबका, बिचारा आवाज आला.

"लेल्ला... पुढे काय?"

तसनीमने मान गर्रकन वळवली. तिकडे ओठ नव्हते, चेहरा नव्हता, नुसता लाल मखमली पडदा होता. ती डोळे विस्फारून त्या पडद्याकडे बघत राहिली.

"कोण?" तिने मोठ्याने विचारलं. "कोण बोलतंय?"

सगळं सभागृह ऐकत होतं. कोणीच तिला गप्प केलं नाही.

"जल्लूल," सिहेम म्हणाली. "आपला फ्रीज दुरुस्त करतो ना, तो."